डावीकडचा आरसा

येडगावात भिमाजी ड्रायव्हर कुठं राहतात असं विचारलं, की धरणाच्या भिंतीवर शेळ्या चारणारं माणूससुद्धा हात करून घर दाखवतं. उभी हयात त्यांनी नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून ट्रक हाकला. सुरत, इंदूर, कधी थेट दिल्ली. माल पहाटेच्या बाजाराला लागला पाहिजे, बाकी ऊन असो, थंडी असो, टायर फुटो. मग एक वर्ष असं आलं की त्यांनी अचानक ट्रक विकून टाकला. गुडघे धरतात, म्हणाले. ड्रायव्हरचे गुडघे धरायचेच, म्हणून कुणी पुढं काही विचारलं नाही.

त्यांची सून मोहिनी. माहेर आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचं. ड्राफ्ट्समनचा कोर्स करून ती पुण्यातल्या एका इंजिनिअरच्या ऑफिससाठी घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. नवरा रामदास चाकणच्या कंपनीत, सुट्टीपुरता घरी. सासूबाई प्रयागबाई सकाळी भाकरी बांधून शेतावर जायच्या त्या दिवस कलताना परत. म्हणजे दिवसभर घरात माणसं दोनच, सासरा आणि सून. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दोघांत बोलणं म्हणजे "मामा, चहा ठेवलाय," एवढंच. सासऱ्याला मामा म्हणायची त्या घरातली रीत.

मोहिनीला कॉलेजपासून एक नाद होता, कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. सासरी तो फक्त रामदासला ठाऊक. दुपारी नकाशे पाठवून झाले, की ती दाराला कडी लावायची आणि ट्रक चालवायचा गेम लावायची. त्यासाठी टेबलाला अडकवायचं एक स्टिअरिंग आणि खाली दोन पेडल तिनं कुणाकडून तरी जुनी घेतली होती. एका दुपारी कडी लावायची राहिली. मागं चाहूल लागली म्हणून तिनं वळून पाहिलं तर दारात मामा.

ती घाईघाईनं उठायला लागली. "काम संपलं होतं मामा, म्हणून जरा..."

"बस, बस. चालत्या गाडीतून उठत्यात का? ती बघ, चालली शेतात." ते पुढं आले. "कुठली गाडी म्हनायची ही?"

"गेम आहे मामा. गाडी परदेशातली."

"क्लच कुठंय?"

"क्लच नाही. आपोआप गिअर पडतो."

"मंग काय मजा त्याच्यात?" असं म्हणाले खरे, पण तिथनं हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आले आणि न विचारता तिच्या शेजारी बसले.

तिथून त्या घरातलं बोलणं सुरू झालं. मोहिनीनं शोधून शोधून गेममध्ये आपल्याकडचे रस्ते टाकले. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेला, कपाळावर रंगीत फुलं काढलेला ट्रक टाकला. तो पाहून मामा लहान पोरासारखे हसले. "ह्यो खरा!" मग ते चालवायला बसले, आणि चालवता चालवता सांगायला लागले. बिजासनच्या घाटात ब्रेक तापल्यावर काय करायचं, सुरतेचा कुठला व्यापारी टोमॅटो हातात घेऊन नुसता वास घ्यायचा, पालनपूरच्या पुढं धुकं पडलं की समोरच्या गाडीच्या लाल दिव्यावर कशी नजर ठेवायची. हे सगळं त्यांनी रामदासला कधी सांगितलं नव्हतं. प्रयागबाईंनाही नाही. प्रयागबाई एकदा दारातून म्हणाल्या, "ह्यांना एवढं बोलता येतंय, हे मला आज कळतंय बाई."

मोहिनीला तो काळ फार सुखाचा वाटायचा. आजही वाटतो, आणि म्हणूनच आठवला की आत कुठंतरी टोचतो.

कारण त्याच दिवसांत मामांची गाडी डावीकडं घासायला लागली होती. समोर सरळ रस्ता असला की हात असा स्थिर, की बघत राहावं. पण डावीकडं वळायचं म्हटलं, की चाक खांबाला लागायचं, नाहीतर कडेची मोटरसायकल आडवी व्हायची. मामा चिडायचे.

"डावीकडचा आरसाच दिसत न्हाई राव तुझ्या ह्या टीव्हीत! आरसा न बघता गाडी कशी हाकायची?"

तसं त्यात खोटं काही नव्हतं. मोहिनीची स्क्रीन छोटी होती. उजव्या हाताच्या स्टिअरिंगला डावीकडचा आरसा पार तिकडच्या टोकाला, तो चौकटीच्या बाहेर जायचा. बघायचा तर एक बटण दाबून मान वळवावी लागायची, आणि ते बटण मामांच्या हाताला काही बसेना.

"स्क्रीन रुंद पाहिजे मामा," मोहिनी म्हणाली. "अल्ट्रावाइड म्हणतात. दोन स्क्रीन शेजारी ठेवल्यासारखी लांब असते. पूर्ण काच दिसेल, दोन्ही आरसे दिसतील. मलाही कामाला पाहिजेच आहे. एका बाजूला नकाशा, एका बाजूला मापं."

"मंग घे की."

"नवी नाही घेत. चांगली वापरलेली बघते."

आणि मोहिनी बघायला लागली. ती चिकित्सक बाई. भाजी घेतानाही प्रत्येक वांगं उलटं करून पाहणारी. मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती ती रोज चाळायची, विकणाऱ्यांशी बोलायची. एक स्क्रीन रुंद होती पण उंचीला एवढी बुटकी, की नकाशाचा अर्धा कागद खाली जायचा. एक जुन्नरमधल्या फोटोवाल्याची होती. मोहिनी ती बघून आली, कोपऱ्यात पिवळट डाग. एक दुकानात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची चित्रं दाखवायला वर्षानुवर्षं चालू ठेवलेली, त्यामुळं बंद केली तरी चौकोनांच्या पुसट रेघा काचेत राहिलेल्या. एकीत काळ्या रंगावरून काही सरकलं, की मागं धुरकट शेपूट उरायची. सपाट घ्यावी की वाकडी, आपल्या लॅपटॉपची ताकद तिला पुरेल का, कुठल्या वायरनं चित्र झरझर हलेल, यावर ती सुट्टीला आलेल्या रामदासचं डोकं खायची. उन्हाळा गेला, टोमॅटोचा हंगाम उलटला, तरी मोहिनीची निवड होईना.

त्या अवधीत घरात बारीकसारीक गोष्टी घडत होत्या. जेवताना डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा तांब्या मामांच्या कोपरानं कलंडायचा. चौकटीला खांदा लागायचा. मोटरसायकल काढून नारायणगावला जाणं त्यांनी बंद केलं, "ट्रॅफिक लई वाढलंय," म्हणून. रामदासची जुनी कार दारात उभी असायची. ती चालवायला त्यांनी मोहिनीला शिकवलं आणि नंतर कुठं जायचं झालं की किल्ली तिच्याच हातात द्यायचे. "तू चालीव. तुझा हात बसू दे." मोहिनीला त्याचा केवढा अभिमान! लोणीला फोन करून तिनं आईला सांगितलं होतं, की आयुष्यभर ट्रक हाकलेला माणूस माझ्या शेजारी निवांत बसतो.

हे सगळं तिनं पाहिलं होतं. डोळ्यांदेखत घडत होतं. पण त्या वेळी तिच्या मनात डावी बाजू म्हणजे स्क्रीनची डावी बाजू, दुसरी कुठली नव्हतीच.

शेवटी एक सापडली. मंचरपुढच्या पेठ गावातल्या दादाभाऊची. हा दादाभाऊ लग्नाचे व्हिडिओ जोडायचा आणि फावल्या वेळात गेम खेळायचा. आता पुण्यात नोकरी लागली म्हणून सामान काढत होता. मोठी, किंचित वाकडी स्क्रीन, मूळ खोक्यासकट. फोटो बघून ती मोहिनीच्या मनात भरली. "मामा, तुम्हीच चला बरोबर," ती म्हणाली. "तुम्ही बसून बघा. तुम्हाला आरसा दिसला की घेऊन टाकू."

मामांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. कार मोहिनीनं चालवली. नारायणगाव, कळंब, मंचर मागं पडलं, अवसरीचा घाट चढून गाडी पेठेत आली. दादाभाऊनं चहा मागवला, स्क्रीन टेबलावर मांडूनच ठेवली होती. मोहिनीनं आपली तपासणी सुरू केली. पूर्ण लाल, पूर्ण हिरवा, पूर्ण पांढरा रंग लावून काचेजवळ नाक नेऊन पाहिलं. काळा लावून कडेनं उजेड झिरपतो का पाहिलं. वायर काढून घातली, मागचा स्टँड हलवला.

"ताई, तुमी तर कंपनीवाल्यांपेक्षा बारीक बघताय राव," दादाभाऊ हसत म्हणाला. "बघा, बघा. नंतर तक्रार नको."

कुठंच खोट निघेना. मोहिनीनं बरोबर आणलेला लॅपटॉप जोडला, स्टिअरिंग टेबलाला आवळलं आणि गेम लावला. ट्रकची अख्खी केबिन या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. डाव्या कडेला आरसा, चांगला तळहाताएवढा, आणि त्यात मागून येणारी लाल बस.

"बसा मामा."

मामा बसले. गाडी सुरू केली. हात नेहमीसारखा स्थिर.

"दिसला ना आरसा?" मोहिनीनं आनंदानं विचारलं.

"झ्याक दिसतोय."

"मागं कोण आहे त्यात?"

"कोन न्हाई. मोकळा रस्ता."

लाल बस आरशात मावत नव्हती एवढी जवळ आली होती. मोहिनीला वाटलं ते चेष्टा करतायत. ती हसली. मामा हसले नाहीत. ते समोर बघत होते, आणि डावीकडं वळायचा फाटा आला तसं त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. बस घासल्याचा आवाज आला.

मोहिनीनं नकळत आपला हात वर केला आणि स्क्रीनच्या डाव्या कडेला, आरशाच्याही अलीकडं धरला. "मामा, समोरच बघा. माझा हात दिसतो का?"

"हात? कुठंय हात?"

दादाभाऊच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मोहिनी हात हळूहळू मध्ये सरकवत आली. जवळजवळ ट्रकच्या काचेच्या मधोमध आल्यावर मामा म्हणाले, "हां, ह्यो आला."

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग उठले. "चल पोरी. उशीर व्हतोय," म्हणाले आणि बाहेर जाताना दाराच्या चौकटीला खांदा घासून गेले.

परत येताना घाट उतरून गेल्यावर मोहिनीनं झाडाखाली गाडी उभी केली. तिच्यानं चालवणंच होईना.

"कधीपासून मामा?"

"गाडी इकली न्हवं, त्याच्या आधीपासनं," ते म्हणाले. "सुरतंच्या बाजारात गाडी मागं-पुढं करत व्हतो. डाव्या अंगाला एक सायकलवाला व्हता. मला धक्काबी कळला न्हाई. लोकं वरडली म्हनून उतरलो, तवा बघितलं की खाली मानूस हाय. हात मोडला व्हता त्याचा. तरना मानूस. माझ्याकडं बघून म्हनला, काका, दिसलो नाही का मी?"

"मग डॉक्टरकडं का नाही गेलात?"

"काय सांगायचं जाऊन? त्यो म्हनला असता, भिमाजी, तुला दिसत न्हाई. ड्रायव्हरला हे ऐकायला लावायचं व्हय? गाडी इकली, मिटलं म्हनलं." थोड्या वेळानं ते हलक्या आवाजात म्हणाले, "आन् मंग तुझ्या गेममधीबी आरसा दिसंना. तवा खरं सांगू का, मला लई बरं वाटलं. तू म्हनलीस टीव्ही बारका हाय. म्हनलं, चला, टीव्हीच बारका आसंल."

मोहिनीनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. इतके महिने ती रंग, रेघा आणि शेपट्या तपासत बसली होती.

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठंही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मामा बटण हातात धरून बसले. ठिपके चमकत असणार. बाहेर बसलेल्या मोहिनीला बटणाचा आवाज फार थोड्या वेळा आला.

काचबिंदू. डॉक्टर बाई समजुतीनं सांगत होत्या. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि कडेची नजर गुपचूप जात राहते. मधली शेवटपर्यंत राहते म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. डाव्या डोळ्याचं बरंचसं गेलंय. उजव्याच्या कडा गेल्यात. गेलेलं परत येत नाही. आता थेंब घालून आहे तेवढं राखायचं.

"उन्हाळ्यात आणलं असतं तर?" मोहिनीनं विचारलं.

डॉक्टर बाईंनी कागदावरून नजर उचलली. "थोडं जास्त राहिलं असतं," त्या म्हणाल्या. "किती, ते नाही सांगता येणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

मोहिनीच्या लक्षात तर रोज येत होतं. तिनं त्याला चुकीचं नाव दिलं होतं.

तिनं दादाभाऊला फोन करून सांगितलं, की स्क्रीन दुसऱ्या कुणाला देऊन टाक. ते मामांच्या कानावर गेलं. "का?" त्यांनी विचारलं. "तुला कामाला पायजे व्हती न्हवं? माझ्यापायी तुझं काम का अडवून ठेवती?" आणि त्यांनी स्वतः रामदासला सांगितलं, चाकणहून येताना पेठेत थांब आणि घेऊन ये. रामदासनं ती आणली. टेबलावर मांडली तेव्हा प्रयागबाई म्हणाल्या, "केवढी लांब गं! खाटंएवढी हाय."

मोहिनीनं एक युक्ती करून पाहिली. गेमची चौकट बारीक करून स्क्रीनच्या बरोबर मधोमध आणली. दोन्ही अंगांना काळं. दोन्ही आरसे काढून त्या चौकटीत वरच्या बाजूला बसवले. "आता बघा मामा. सगळं समोरच आहे."

तिचं मन राखायचं म्हणून मामा बसले. सरळ रस्त्यावर त्यांनी गाडी छान नेली, घाटही उतरवला. मोहिनीला आशा वाटायला लागली. पुढं बाजार आला. गर्दीत ते आरशात बघायला गेले की समोरचं सुटायचं, समोर बघितलं की आरसा सुटायचा. एक हातगाडी आडवी आली आणि चिरडली गेली. खोट्या रस्त्यावरची खोटी हातगाडी. पण मामांनी दचकून दोन्ही हात वर घेतले आणि कितीतरी वेळ ते हात खाली आणले नाहीत.

"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले.

पुढं काही दिवस मोहिनी चालवायची आणि मामा शेजारी बसायचे. स्क्रीनकडं बघायचे नाहीत. डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "चढ लागला. वेग धर. रडवू नको तिला." ते म्हणतील तिथं मोहिनी गाडी न्यायची, ते म्हणतील तशी चालवायची. एका दुपारी ते आले नाहीत. ती बाहेर गेली तर ओट्यावर बसून कुठंतरी बघत होते.

"मामा, लावू का?"

"तुझं काम कर. आज नगं."

त्यानंतर तिनं विचारलं नाही. मोठ्या स्क्रीनवर तिचं काम खरंच वेगात व्हायला लागलं. पुण्याच्या ऑफिसातून तसा निरोपही आला. घरी कुणी पाहुणं आलं की ती स्क्रीन बघून हरखतं, कुठून घेतली, कशी निवडली, वापरलेली असून इतकी चांगली कशी मिळाली असं विचारतं. मोहिनी सांगते, पेठेतून घेतली. आणि चहा ठेवायला उठते.

सकाळ-संध्याकाळचे थेंब तीच घालते. मामा खुर्चीत मान मागं टाकून बसतात, ती पापणी धरते, थेंब पडला की ते डोळा मिटतात आणि ती कापसानं गालावरचं ओघळलेलं टिपते. मागच्या तपासणीला डॉक्टर बाई म्हणाल्या, उजवा डोळा आहे तसा टिकलाय, आणखी गेला नाही. गाडीत बसल्यावर मामा दोनदा म्हणाले, "टिकला म्हनाली बघ. टिकला." त्यांना ती फार मोठी गोष्ट वाटली होती.

मोहिनीनं हो म्हटलं आणि गाडी सुरू केली. नारायणगाव सोडून येडगावच्या रस्त्याला लागेपर्यंत तिच्या डोक्यात एकच चालू होतं: उन्हाळ्यातच आणलं असतं, तर किती टिकला असता.